न बदललेल्या नोटा

आम्ही कुवेतमध्ये, रिग्गई भागात तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होते आणि हे, म्हणजे माझे यजमान, एका बँकेच्या कर्जविभागात. इमारतीखाली एक बकाला होता, आपल्याकडच्या किराणा दुकानासारखा. तो रत्नागिरीकडचे एक चाचा चालवायचे. गावी भावाबरोबर मासेमारीच्या लाँचमध्ये भागी घ्यायची, म्हणून ते बारा वर्षं पैसे साठवत होते.

नव्वद सालच्या उन्हाळ्यापर्यंत हे बँकेतून यायचे तेच गळून गेल्यासारखे. काही वर्षांपूर्वी तिथला शेअरबाजार कोसळला होता. पुढच्या तारखांचे चेक लिहून आणि बँकांची कर्जं काढून लोकांनी शेअर घेतले होते. शेअर गेले, कर्जं राहिली. दरवर्षी त्याच फायलींवर व्याज चढवायचं आणि नवी तारीख टाकून त्या पुढे ढकलायच्या, हे यांचं काम.

"कर्ज मेलंय," हे एकदा जेवताना म्हणाले, "पण मेल्याची नोंद करायची नाही असा हुकूम आहे."

त्याच सुमारास चाचांनी यांना दुकानात थांबवून विचारलं, "साहेब, रोकड दुकानात ठेवून झोप लागत नाही. तुमच्या बँकेत टाकू का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर हे हो म्हणाले असते. पण बँक आतून किती पोखरलीय हे यांना रोज दिसत होतं. म्हणाले, "इतक्यात नको. जरा थांबा."

चाचा थांबले. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं.

पहिले काही आठवडे बँका बंदच होत्या. आम्हा लॅबवाल्यांना सुटका नव्हती, रोज ड्यूटी. एके दिवशी सैनिक आले आणि आमचे मायक्रोस्कोप ब्लँकेटात गुंडाळून घेऊन गेले. मग हुकूम निघाला की कुवेती दिनार आणि इराकी दिनार एकाच भावाचे. खरं तर बाजारात इराकी नोट कुणी हौसेने घेत नव्हतं. पुढे तर कुवेती नोटा अमुक तारखेच्या आत बदलून घ्या, नंतर सापडल्या तर शिक्षा, असं जाहीर झालं.

चाचा पुन्हा आले. या वेळी वर, आमच्या घरी.

"काय करू सांगा. तुम्ही बँकेतले."

हे उठून दार लावून आले. मग म्हणाले, "बदलून टाका, चाचा. हा देश परत उभा राहील असं मला दिसत नाही. आणि तुमच्याकडे नोटा सापडल्या तर जिवावर बेतेल."

चाचा दोन दिवस रांगेत उभे राहिले आणि सगळं बदलून आले.

यांनी मलाही सांगितलं होतं. आमची बरीचशी रोकड इस्पितळात माझ्या लॉकरमध्ये होती. "उद्या आण, मी रांगेत उभा राहतो." मी आज आणते, उद्या आणते करत राहिले. यात माझं शहाणपण काही नव्हतं. खुबूस रोटीसाठी रांग, पाण्यासाठी रांग, त्यातून तेरा तासांची ड्यूटी. लॉकर उघडून नोटा मोजायचंसुद्धा त्राण नव्हतं. मुदत टळून गेली. आता सांगितलं तर घाबरतील म्हणून यांना खोटंच सांगितलं, मैत्रिणीच्या नवऱ्याने बदलून दिले. नोटा मी शौचाच्या नमुन्यांच्या रिकाम्या डब्यांच्या खोक्यात तळाशी ठेवल्या. त्या खोक्याला कुणी हात लावला नाही.

युद्ध संपलं तेव्हा तेलविहिरींच्या धुराने भरदुपारी दिवे लावावे लागत होते. मार्चच्या अखेरीस बँका उघडल्या. ठेवी सुरक्षित होत्या. जुन्या नोटांपैकी इराक्यांनी मध्यवर्ती बँकेतून लुटून नेलेल्या क्रमांकांच्या तेवढ्या रद्द, बाकीच्यांच्या बदल्यात पूर्ण किमतीच्या नव्या नोटा मिळणार होत्या. इराकी नोटांना कुणी विचारेना.

मी खोकं घरी आणलं आणि यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, आनंद होईल. हे खुर्चीत बसूनच राहिले. "म्हणजे बँकेत टाकले असते तरी वाचले असते. नुसते ठेवले असते तरी वाचले असते," म्हणाले. मग उठले. "चल. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

चाचांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"तुमचे राहिले?"

"हिने मला न सांगता ठेवले होते, चाचा. शप्पथ."

"हां," चाचा माझ्याकडे बघत म्हणाले. "ताईंनी तुमचं ऐकलं नाही. मी ऐकलं."

यांनी आमच्यातले निम्मे देऊ केले. चाचांनी नकारार्थी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला चहापत्ती काढून द्यायला वळले.

आठवड्याने तेच वर आले. लाँचचे पैसे कधी पाठवतोस, असं गावाहून भावाचं पत्र आलं होतं. "घेतो," म्हणाले, "पण उसने. कागद करा."

"कागद नको," हे म्हणाले. "आयुष्यभर कर्जाचेच कागद केलेत मी."

त्यावरून दोघांत जरा शब्दाला शब्द वाढला. शेवटी चाचांनी कागदाशिवायच पैसे घेतले, पण नजर वर केली नाही. ती रक्कम लाँचच्या भागीला पुरेशी नव्हतीच. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणात गेली असं नंतर कळलं. दुकानात माल भरायलाही पैसे उरले नव्हते. जून उजाडायच्या आत त्यांनी बकाला सोडला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला सलव्यात दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली.

त्या वर्षाच्या शेवटी बँकेत बोलणं सुरू झालं, की शेअरबाजारातली बुडीत कर्जं सरकार स्वतःकडे घेणार, म्हणजे बँका तरतील. यांनी त्या फायलींच्या याद्या करायला घेतल्या. एका संध्याकाळी बूटही न काढता बसले आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या लोकांचं बुडालेलं सरकार घेतंय. चाचांचं कुणाच्या यादीत टाकू?"

मी उठले. पाणी आणून दिलं.

आम्ही तिथे आणखी चार वर्षं राहिलो. सलव्याला जाणं झालं ते दोनदाच. चाचांनी दोन्ही वेळा चहा पाजला, मुलीची खुशाली सांगितली. यांच्याशी ते हवापाण्याचंच बोलले.