जंगलातली सायकल आणि वाटेतला चहा

माझी बहीण तीन महिने खोलीबाहेर आली नव्हती, असं मी लोकांना सांगतो, ते पूर्ण खरं नाही. जेवायला यायची, अंघोळीला जायची, हाक मारली की ओ द्यायची. पण त्या सगळ्यात ती नसायचीच. स्पर्धा परीक्षेच्या शेवटच्या यादीत चौथ्यांदा नाव आलं नाही, त्या दिवशी तिनं पुस्तकं पलंगाखाली सरकवली आणि भिंतीकडं तोंड केलं. एका संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मी नसली तर तुमचं काय अडते?" दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. स्क्रूची चार भोकं तेवढी राहिली. आम्ही सगळे त्या भोकांकडं न बघता जात-येत होतो.

खामगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला स्वतःहून काही करावंसं वाटलं तर ते होऊ द्या. तुम्हाला कितीही फालतू वाटलं तरी." मी वाट बघायला लागलो. वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. मी शाळेत गणित शिकवतो आणि पोरांनी उत्तराला दोन मिनिटं लावली तरी माझा जीव वरखाली होतो.

मग एका दुपारी तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी, जंगलात सायकलसाठी वाटा आखलेलं एक केंद्र नव्यानं सुरू झालं होतं. सागाच्या झाडांतून वीतभर रुंदीची पायवाट, मातीचे उंचवटे, वळणं आणि त्यावरून हेल्मेट घातलेली एक मुलगी सुसाट चाललेली. "दादा, मले इथं जाचं आहे," ती म्हणाली. शाळेत असताना ती आमच्या जानेफळच्या शेतांतल्या बांधांवरून सायकल दामटायची आणि गुडघे फोडून घ्यायची. हे मी पार विसरलो होतो.

मी लगेच फोन लावला. तिकडच्या बाई शांतपणे सांगत होत्या: सकाळी साडेसातला हजर राहायचं, अर्धा तास ब्रेक आणि गिअर शिकवतात, मग नवख्यांना हिरव्या खुणांच्या सोप्या वाटेवर सोडतात. उशीर झाला तर जागा दुसऱ्याला. चप्पल चालत नाही, बूट हवेत. मातीवर सायकल चालवली आहे का, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडं डांबर नवीन आहे हो, माती नाही, असं मी म्हणालो आणि कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. त्यांनी पाठवलेल्या फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या सहा महिन्यांत काही आजार? मी 'नाही' लिहिलं, खोडलं आणि पुन्हा फोन करून सगळं खरं सांगितलं. "घेऊन या," बाई म्हणाल्या, "मी स्वतः तिच्या मागं राहीन." शाळेच्या मागच्या भिंतीशी उभा राहून मी रडलो.

बूट माझ्या बायकोचे होते, एक नंबर मोठे. बहिणीनं स्वतः मागून घेतले, पुढं कापूस भरला आणि अंगणात चालून पाहिले. आई खिडकीतून बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

आता गाडी. साडेसातला तिथं पोचायचं तर पहाटे निघायला हवं आणि गाडी एकट्या काकांकडं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, गावच्या बुद्धविहाराच्या कमिटीत, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. आमच्या घरात गाडी एका कामासाठी कधी निघत नाही. 'जाऊनच राह्यलो तर' म्हणून आम्ही एकाच फेरीत रक्ताची तपासणी, कुणाच्या घरचं सांत्वन आणि पंपाची दुरुस्ती उरकलेली आहे. नुसतं फिरायला गाडी काढणं म्हणजे आमच्यात मस्ती आल्याचं लक्षण. त्यामुळे काका लगेच म्हणाले, "हाव, नेतो न. जाऊनच राह्यलो तर संग्रामपूरले एक स्थळ आहे. पोरगा ग्रामसेवक आहे. चहा घेऊ, ते पोरीले पाहून घेतील. तिले आताच सांगू नोको."

तिथंच नाही म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो? "सायकल झाल्यावर जाऊ." जणू वेळ पुढं ढकलली म्हणजे मी फार मोठी बाजू घेतली! मला गाडी हवी होती. रोज सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी थांबून मी आधी आतली चाहूल घ्यायचो आणि हे थांबावं म्हणून मी कशालाही हो म्हटलं असतं. दहा मिनिटांचा चहा, असं मी स्वतःला समजावलं.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती बॅगेत पाण्याची बाटली ठेवायला गेली. स्थळाचं काकांकडून कळल्यावर आईनं तळाशी साडी ठेवली होती, त्यावर बांगड्या. पाहुण्यांसमोर पोरगी ट्रॅकपँटवर कशी जाईल, हा आईचा साधा विचार. साडी हातात घेऊन बहीण ओसरीवर आली. बूट तिच्या पायातच होते.

"हे कायच्यासाठी?"

"संग्रामपूरले पाहुणे..." आई कौतुकानं बोलायला लागली आणि मध्येच थांबली.

बहिणीनं आईकडं बघितलंच नाही. "दादा, तुले माहीत व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. आई गप्प राहिली असती, काका समोर नव्हते. "हाव," मी म्हणालो. "मीच हो म्हटलं व्हतं."

ती पायरीवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. "मले वाटलं, हे तरी माझं आहे."

मी तिच्यासमोरच काकांना फोन लावला. "काका, चहा नाही. फक्त सायकल." काका चिडले. "मी शब्द देला त्यायले. आता काय तोंड दाखवू? मंग तुमचं तुम्ही पाहा." त्यांचं तरी काय चुकलं? चुकलो मीच. बसनं साडेसातला पोचणं शक्य नव्हतं आणि रात्रीतून भाड्याची गाडी मिळण्यासारखी नव्हती. केंद्रातल्या बाईंना विचारलं. नवख्यांसाठी पुढची जागा तीन आठवड्यांनी होती.

तीन आठवडे. मला तीन दिवसांचीसुद्धा खात्री नव्हती. फोन ठेवून मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. मग तिला सांगितलं.

एक बूट तिच्या हातात होता, एक पायात.

"तीन आठवडे न?" ती म्हणाली. "थांबीन मी तोवर."

त्यानंतर काय, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. मिळाले तेवढे तीन आठवडे मी घेतले.