सरूची कासवीण

कासवीण पुन्हा खड्ड्यावर येऊन बसली होती.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः तिला उचलून निळ्या कापडावर, म्हणजे समुद्रात ठेवलं होतं. सकाळी बघते तर बाईसाहेब परत वाळूत, अंड्यांवर पोट टेकून. हे रोजचंच झालं होतं. प्रदर्शन तोंडावर आलेलं आणि माझं डोकं फिरायची वेळ आलेली.

मी सोलापुरात बौद्धिक अक्षम मुलांच्या निवासी शाळेत कलाशिक्षिका आहे. निवासी म्हणजे मुलं शाळेतच राहतात. त्या वर्षी एका संस्थेचा प्रोजेक्ट आमच्याकडे आला, कलेतून सागरी जीवांचं संवर्धन. मी आमच्या अधीक्षकांना, बिराजदार सरांना विचारलं, की सर, ज्या गावात नळाला चार दिवसाआड पाणी येतं तिथं मी समुद्र कुठून दाखवू? सर म्हणाले, मॅडम, प्रोजेक्ट आलाय, करायचा.

केला. आमच्या कामात टास्क अ‍ॅनालिसिस नावाचा प्रकार असतो. कुठलंही काम इतक्या बारीक पायऱ्यांत फोडायचं की मुलाला एका वेळी एकच गोष्ट करावी लागेल. आधी कागद फाडा. मग भिजवा. मग कुटा. मेथीची पूड घाला म्हणजे कीड लागत नाही. त्या लगद्याचा छोटा गोळा केला की झालं अंडं. मुलांचे हात चालत राहतात आणि मी तोंडानं गोष्ट सांगत राहते. गोष्ट साधी होती. कासवीण कोकणच्या किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. परत येत नाही. मागे कुत्री, कोल्हे अंडी उकरतात, माणसंही नेतात. म्हणून गावातले काही लोक भोवती जाळी लावून अंडी राखतात आणि पिल्लं निघाली की ती पाण्याकडे सोडतात. आई येत नाही म्हणून आपण राखण करायची, एवढंच संवर्धन मला पोरांच्या डोक्यात घालायचं होतं.

बाकीच्यांनी ते मुकाट्यानं घालून घेतलं. सरूनं नाही. सरू चौदा-पंधरा वर्षांची, नातेपुत्याकडची. बोलणं मोजकं, पण हात असे की बघत राहावं. लगद्याची मोठी कासवीणही तिचीच. पाठीवरचा एकेक खवला तिनं अंगठ्यानं दाबून उठवला होता.

"सरू, हिला परत इथं कुणी आणलं?"

"मी."

"ती समुद्रात जाते ना? किती वेळा सांगायचं?"

"न्हाय जात. पोरं हितं हायत की."

प्रोजेक्टच्या मॅडम तयारी बघायला आल्या, त्यांनीही नेमकं तेच धरलं. मॉडेल लई गोड झालंय म्हणाल्या (सोलापुरात दोन दिवस राहिल्यावर त्यांनाही 'लई' लागलं होतं), पण आईच बसून असेल तर माणसांनी राखण कशाला करायची? मुद्दा बिनतोड होता. मी सरूला शेजारी बसवलं आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. तिनं ती शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "मग रविवारी येती?"

हा रविवार म्हणजे आमचा पालकभेटीचा रविवार, महिन्यातून एकदा. आमच्याकडे पद्धत अशी, की त्या दिवशी ज्यांचं कुणी यायचं नाही त्या पोरांनाही न्हाऊ घालायचं, तेल लावून वेण्या घालायच्या, रिबिनी बांधायच्या आणि सगळ्यांबरोबर व्हरांड्यात बसवायचं. कुणाला उणं वाटू नये म्हणून. फार चांगल्या मनानं सुरू झालेली पद्धत. पण नटवून बसवलं की पोर वाट बघणारच ना! सरू तशी तीन वर्षं बसत होती. आमच्या सांभाळणाऱ्या नरसम्मा मावशी संध्याकाळी तिची काहीतरी समजूत काढायच्या आणि रिबिनी सोडायच्या.

सरूची आई येणार नव्हती. हे सरू सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाप वारल्यावर आईनं तिला इथं ठेवलं आणि पुढं तिचं दुसरं लग्न झालं, कर्नाटकात कुठंतरी. आपल्याला सरू नावाची मुलगी आहे हे तिनं त्या घरात सांगितलेलंच नव्हतं. मामा एकदा येऊन हे बोलून गेला होता. जाताना म्हणाला, "तिला काय बोलू नका, बाई. तिला काय कळतंय? इसरंल ती."

मी बिराजदार सरांकडे गेले. म्हटलं, सर, सरूला खरं सांगू या. सर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. पूर्वी एका मुलाला बाप गेल्याचं सांगितलं होतं, त्यानं अन्न सोडलं, शेवटी सलाईन लावावं लागलं, ते त्यांनी मला पुन्हा ऐकवलं. जखम आपण करायची मॅडम, आणि मलम आणायचं कुठून? मीही हट्टाला पेटले होते. मी म्हटलं, मी तिला रोज शिकवते की आई परत येत नाही, आणि महिन्याला तुम्ही तिला आईसाठी नटवून बसवता. तिनं खरं काय धरायचं?

सर शेवटी म्हणाले, "सांगा. पण सांगून घरी निघून जायचं नाही. दिवसभर हितंच थांबायचं."

रविवारी मी गेले. सरू व्हरांड्यात खांबाला टेकून बसली होती. फाटकातून कुणी आत आलं की मान वर करायची. मी शेजारी बसले. आमची पायऱ्यांची पद्धत इथं कामाला आली नाही, कारण याला पायरी एकच होती.

"सरू, तुझी आई आता येणार नाही. तिचं दुसरं घर झालंय. या रविवारी नाही, पुढंही नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तिला ठावं हाय का, मी हितं हाय ते?"

नाही म्हणायचा मोह फार झाला. पत्ता हरवलाय, तिला माहीतच नाही, असं काहीही चाललं असतं. कासविणीला तरी आपली पिल्लं कुठली ते ओळखू येत नाही. इथं तेवढीही सोय नव्हती.

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"बरं," म्हणून ती उठली आणि आत गेली. रडली नाही. रडले मी, स्टोअररूमच्या मागे जाऊन, चांगली हुंदके देऊन.

सोमवारी वर्गात कासवीण ना वाळूत होती ना समुद्रात. सरू कोपऱ्यात बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. कासवीण पाण्यात विरघळून गेली होती, पाठीचा एक तुकडा तेवढा तरंगत होता. मी विचारलं, काय करतेस गं? म्हणाली, "अंडी." तो लगदा पिळून ती एकेक गोळा वळत होती.

प्रदर्शनात आमचं मॉडेल आईशिवायच गेलं. लोकांना आवडलं. प्रोजेक्टच्या मॅडमनी सरूला जवळ घेऊन फोटो काढला आणि म्हणाल्या, हिला कन्सेप्ट परफेक्ट कळलाय. बिराजदार सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे बघायला लागले.

पुढच्या पालकभेटीला मी सुट्टी असूनही गेले. नरसम्मा मावशी वेण्या घालत होत्या, त्या रांगेत सरू नव्हती. ती मागच्या बाजूला पायरीवर एकटी बसली होती, केस तसेच. मला बघून तिला नवल वाटलं.

"तुमी कुणाला भेटाय आलाय?"

"तुला."

तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"तुमी येत जाऊ नका, बाई. मग मी वाट बघत बसंन."

आमच्या कामात याला जनरलायझेशन म्हणतात. एका ठिकाणी शिकलेली गोष्ट मूल दुसऱ्या ठिकाणी आपणहून वापरायला लागलं की धडा पुरा झाला समजायचा. असं झालं की टाळ्या वाजवून मुलाचं कौतुक करावं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे. मी पायरीवर तिच्या शेजारी बसून राहिले.