देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातलं वारूळ

सारजाबाईच्या घरी पाणी मागितलं, तर आधी तांब्या घासल्याचा आवाज यायचा, मग पाणी यायचं. तांब्या अगोदरच स्वच्छ असला तरीही. भाजीच्या रानात दिवसभर मातीत हात घालणारी ही बाई, पण उंबऱ्याच्या आत मातीचा कण तिला खपत नसे. दोडक्याच्या वेलावरची अळी ती चिमटीत धरून फेकी, तीच अळी चुलीपाशी दिसली तर तिच्या अंगावर काटा येई. "रानातलं रानात," एवढंच म्हणायची.

तिचं घर भवानीनगरच्या अलीकडे, कालव्याच्या भरावाला लागून. दगडमातीच्या भिंती, आंब्याच्या लाकडाचे खांब, वर मातीनं थापलेलं जड माळवद. कालव्याला पाणी सुटलं की मागची भिंत गार पडायची, हात लावला तर ओला व्हायचा. त्याच भिंतीला टेकून तिच्या नवऱ्यानं, आबाजीरावांनी, वर्षानुवर्षं उसाचं पाचट आणि सरपण रचून ठेवलं होतं. आबाजीराव साखर कारखान्यातनं निवृत्त झालेले. कारखान्यात होते तोवर उसाच्या गाड्या त्यांना विचारल्याशिवाय पुढं सरकत नसत. निवृत्तीनंतर कुणी काही विचारेना, आणि माणूस आतून थोडा पडला होता. मुलगा राजवर्धन आणि सून रेश्मा वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये. घरात दोघंच.

पाऊस सुरू झाला त्या महिन्यात एका संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं आली. बारीक, लांब पंखांची. जेवण होईतो भुईवर पंखांचा सडा पडला होता. नुसते पंख. पाखरं कुठं गेली ते दिसेना. आमटीच्या पातेल्यातही तसे पंख तरंगत होते. सारजाबाईनं आमटी उकिरड्यावर ओतली.

"पावसाळी किडं हायती," आबाजीराव म्हणाले. "येत्यात आन् जात्यात."

"गेली कुठं? पंख हितं टाकून गेली कुठं?"

आबाजीरावांनी दिवा उचलून बाहेर ओसरीवर नेऊन ठेवला.

मग भिंतीवर मातीची रेघ दिसली. बोटाएवढी जाड, जोत्यापासून निघून वरच्या तुळईपर्यंत चढलेली, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरेसारखी. सारजाबाईनं ओल्या फडक्यानं ती पुसली. फडक्याला पांढरे, मऊ, चिरडलेले जीव चिकटले. फडकं तिनं चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा जागेवर. तिनं पुसायचं, त्यांनी बांधायचं. पुढं मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. गिलावा एका ठिकाणी फुगला, आणि बोटानं दाबला तर आत पोकळ लागला. आबाजीरावांनी त्यावर चुन्याचा हात मारला, रॉकेल शिंपडलं, आणि काम झालं म्हणून पाठ टेकून बसले.

श्रावणाच्या तोंडावर तिनं लुगडी उन्हात घालायला म्हणून मागच्या खोलीतली लाकडी पेटी उघडली. वरच्या घड्या बऱ्या होत्या. खालचं लग्नातलं पातळ काढायला हात घातला, तर हात कापडातून आरपार गेला. खाली काहीतरी ओलसर, कोमट, हलणारं होतं. तिनं हात बाहेर ओढला तेव्हा मनगटापर्यंत चिखल आणि त्यात वळवळणारे पांढरे किडे. पेटीला बूडच राहिलं नव्हतं. ती ओरडली नाही. मोरीवर जाऊन तिनं हात राखेनं घासला, मग साबणानं, मग परत राखेनं. कातडी लाल झाली तरी घासत राहिली. त्या रात्री ताटात भात वाढला आणि तिला तो पाहवेना. शीत न् शीत हलतंय असं वाटलं. पुढं बरेच दिवस ती भाकरीवरच राहिली.

पेटी ओढून बाहेर काढली, तेव्हा मागं कोपऱ्यात, देव्हाऱ्याच्या बाजूला, भुईतून वर आलेलं वारूळ दिसलं. गुडघ्याएवढं, टोकदार, ताज्या ओल्या मातीचं.

ते पहिल्यांदा धडपणे पाहिलं बनाबाईनं. बनाबाई म्हणजे सारजाबाईची चुलत जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी, वयानं मोठी. तिनं वारूळ बघितलं आणि पदर डोक्यावरून घेतला.

"सारजे, नागोबा आलाय गं घरी! देवाशेजारी जागा धरली बघ त्यानं."

"आक्का, ही वाळवी हाय. माझी पेटी खाल्ली तिनं."

"त्याला लागलं ते त्यानं घेतलं. तू कोण इचारणार?"

सारजाबाई देवधर्म न मानणारी नव्हती. बांधावरच्या वारुळाला ती दर नागपंचमीला दूध-लाह्या घेऊन जायची. ती आबाजीरावांना म्हणाली, "रानातलं वारूळ नागाचं घर हाय. हे आपलं घर हाय. ह्यात दोघांचं जमायचं न्हाय."

पण आबाजीरावांच्या तोंडावर फार दिवसांनी तेज आलं होतं. बनाबाईनं वारुळाला हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तीवरच्या बाया यायला लागल्या. नागपंचमीला तर बारामतीहून एक जीप भरून आली. "आबाजीराव, आत जाऊ का?" "आबाजीराव, कधीपासून हाय हो?" असं लोक विचारू लागले. ते धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसू लागले. वारूळ कसं एका रात्रीत वर आलं, ते सांगू लागले. एका रात्रीत नव्हतं आलं. पेटीमागं अंधारात महिनोन् महिने वाढलं होतं, हे सारजाबाईला ठाऊक होतं. खोटं ऐकून तिला पेटीतल्या त्या चिखलासारखीच शिसारी यायची. पण चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायला तिचं मन होईना.

खोलीची दशा वर्णन करण्यापलीकडे गेली. लोक वारुळावर दूध ओतत. ते मुरे, आंबे, त्याचा वास घरभर पसरे. लाह्यांना बुरशी धरली. कुणीतरी ठेवलेलं अंडं तिथंच नासून फुटलं आणि त्यावर माशांचं मोहोळ बसलं. कुंकवाचा चिखल पायानं सगळ्या घरात गेला. सारजाबाई पदर नाकाला लावून सारवायला गेली, तर बनाबाई म्हणाली, "देवाचं हाय, हात लावू नगंस." आणि ज्याला देव म्हणत होते ते ओल मिळाल्यानं फुगत चाललं. मातीच्या रेघा आता चारी भिंतींवर होत्या.

एके सकाळी बाया यायच्या आधी तिनं उलथन्याच्या दांड्यानं खोलीतल्या खांबावर टकटक केलं. वरच्या भागात टणक आवाज आला. दांडा कमरेच्या खाली आला तसा आवाज बदलला, भद्द झाला. तिनं अंगठा दाबला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि अंगठा खांबात शिरला.

"अवं, खांब पोकळ झालाय. वर माळवद हाय. खाली बाया पोरंबाळं घिऊन बसत्यात. कुणाच्या डोस्क्यावर आलं तर?"

"देवाच्या खोलीत काय बी हुत न्हाय," आबाजीराव म्हणाले. पण तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले.

त्याच आठवड्यातली सोमवारची गोष्ट. खोली बायांनी भरली होती. एक तरुण आई लांबच्या वस्तीवरून आली होती, मांडीवर वर्षाचं लेकरू. लेकराचं पोट दुखत होतं, रडून रडून त्याचा आवाज बसला होता. बनाबाईनं वारुळाची ओली माती चिमटीत घेतली आणि आईच्या तळहातावर ठेवली. "चाटीव त्याला. निवंल."

सारजाबाई दारात उभी होती. त्या मातीत दोन पांढरे जीव वळवळताना तिला दिसले. आईनं बोटावर माती घेतली, लेकराच्या ओठांजवळ नेली. लेकरानं तोंड उघडलं.

सारजाबाईनं पुढं होऊन तिच्या हातावर फटका मारला. माती उडाली.

"डोळं फुटलं का तुजं?" ती त्या आईला म्हणाली. "किडं हायती त्यात, किडं! भवानीनगरला डॉक्टर हाय, त्याच्याकडं घिऊन जा त्याला. ऊठ!" मग बाकीच्यांकडं वळून, "उठा समद्या. भाईर निगा."

कुणी हलेना. तेव्हा ती परसातून कुदळ घेऊन आली. आबाजीराव ओसरीवरून धावत आले, "सारजे, अगं पाप—"

"पाप लागलं तर मला लागंल. सरका."

पहिला घाव बसला तसं वारुळाचं टोक ढासळलं आणि दुधाचा आंबूस भपकारा आला. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला ते उभं फाटलं. आत नाग नव्हता. आत मधाच्या पोळ्यासारखे, पण भुरकट, मऊ, बुरशीचा वास मारणारे गोळे होते, आणि त्यांच्या भोकाभोकांतून किडे ओसंडत होते. ती खणत गेली. खाली एक घट्ट मातीची डबी निघाली. कुदळीनं ती उकलली तेव्हा पुढं वाकून पाहणाऱ्या बाया एकदम मागं सरल्या. बोटाएवढी लांब, फुगलेली, पिवळट पांढरी राणी. डोकं मुंगीएवढं, बाकी नुसतं पोट, आणि ते पोट श्वास घेतल्यासारखं लाटालाटांनी हलत होतं. कुणीतरी बाहेर जाऊन ओकलं. लेकराच्या आईनं लेकराचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं आणि वाटेला लागली.

बनाबाई जाताना म्हणाली, "ह्या घराचं वाटोळं केलंस तू."

सारजाबाईनं राणी खुरप्यावर उचलून कोंबड्यांपुढं टाकली. मग मोरीवर बसून हात राखेनं घासत राहिली.

आबाजीराव दोन-चार दिवस ओसरी सोडून रानातच बसले. तिनं राजवर्धनला फोन केला. तो रविवारी आला. येताना बारामतीतला वाळवीचं औषध मारणारा माऊली नावाचा माणूस घेऊन आला. माऊली बोलका होता, तंबाखू मळत मळत सगळं घर फिरला. राणी मेली म्हणजे सुटलो, असं सारजाबाईला वाटत होतं. तो म्हणाला, "न्हाय मावशी, भुईत आणिक असत्यात. घराला तटबंदी करावी लागंल." मग त्यानं मागच्या भिंतीचं पाचट पायानं बाजूला केलं. खालचा थर नुसता भुसा झाला होता, आणि त्यातून मातीच्या नळ्या थेट भिंतीत शिरल्या होत्या. मोरीचं पाणीही तिथंच मुरत होतं.

"हे रचलं कुणी?" त्यानं विचारलं.

आबाजीराव म्हणाले, "मीच." आणि त्यांनी स्वतःच पहिला भारा उचलला.

पुढं सगळं आठवडाभर चाललं. पाचट, सरपण पार रानाच्या कडेला गेलं. मोरीच्या पाण्याला पाइप बसला, तो भिंतीपासून लांब काढला. घराला बाहेरून चर खणून त्यात औषध जिरवलं. आत भिंतीच्या कडेनं भुईला भोकं पाडून औषध सोडलं आणि भोकं सिमेंटनं बुजवली. माऊलीनं बजावलं होतं म्हणून धान्य, भांडी, पाण्याचे हंडे राजवर्धननं आधीच हलवले. कोंबड्या शेजारच्या रानात नेल्या. वास जाईपर्यंत दोघं वालचंदनगरला सुनेकडं राहिली. खांबाचं काम गवंड्यानं केलं. त्यानं माळवदाला खालून लोखंडी टेकू दिले आणि मग खांब हलवला, तर तो हातात आला. खालच्या अर्ध्यात बाहेर रंग आणि आत मातीचा गाळ, लाकूड म्हणावं असं काही नव्हतंच. गवंडी वर माळवदाकडं बघून दोन पावलं मागं सरला. त्या जागी सिमेंटच्या पायावर लोखंडी खांब आला. बाकीच्या खांबांना भोकं पाडून औषध भरलं. दरसाल पावसाच्या आधी जोतं बघायचं, रेघ दिसली की पुसायची नाही, फोन करायचा, असं माऊली सांगून गेला.

वस्तीवर मात्र बोलणं थांबलं नाही. सारजाबाई भाजी घेऊन बाजाराला निघाली की टेम्पोतल्या बाया सरकून बसत. बनाबाईनं वारुळाची फुटकी माती पाटीत भरून नेली होती, आपल्या भिंतीपाशी ओटा करून त्यावर ठेवली होती. तिच्याही भिंतीवर जुन्या मातीच्या रेघा होत्या. त्यांवर आता कुंकवाची बोटं उठली. सारजाबाईनं एकदा कुंपणावरून सांगून पाहिलं. बनाबाईनं तोंड फिरवलं.

थंडीत, भर दुपारी, बनाबाईच्या घराचा मागचा कोपरा बसला. बनाबाई खुरपणीला गेली होती, घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आवाज ऐकून सारजाबाई पळत गेली. माळवदाची माती, मोडकी तुळई, त्यात अंथरुणं, पेटी, डाळीचे डबे. आणि सगळ्यावर उघड्या पडलेल्या वाळवीची पांढरी सळसळ. बाहेर जाऊन ती थुंकली. मग पदर नाकातोंडाला घट्ट बांधला, आत शिरली आणि पेटीची कडी धरून ओढू लागली.

बनाबाई आली तेव्हा सारजाबाई अंगणात उन्हात एकेक लुगडं झटकत होती. खाल्लेलं एका बाजूला जाळायला, धड राहिलेलं दुसऱ्या बाजूला. अंगभर माती, केसात किडे, चेहरा किळसेनं आंबलेला. बनाबाई भिंतीकडं बघत मटकन खाली बसली.

"तितं बसू नगंसा आक्का, अंगावर चढत्याली," सारजाबाई म्हणाली. "हे दुसरं टोक धरा आधी. झटकायचंय."

बनाबाईनं उठून टोक धरलं.