टाकू का पास्ता?

साबिनो कासामास्सिमा आणि लिंडा यांची पहिली भेट बारी शहरातल्या एका सहा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये झाली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली होती आणि आत लिंडा कलिंगड कडेवर घेऊन उभी होती. साबिनो लिफ्ट दुरुस्तीवाला. तो छताच्या झडपेतून आत उतरला, त्याने कसलीशी तार ओढली आणि लिफ्ट आणखी पक्की अडकली. लिंडाची आई, दोन्ना ग्रात्सिया, जिन्यात खुर्ची टाकून बसली आणि दाराच्या फटीतून तिने चौकशी सुरू केली. पगार किती, गाव कुठलं, आजोबा दारू किती प्यायचे, रविवारी चर्चला जातोस की फुटबॉलला. शेजाऱ्यांनी फटीतून सुरी आत सरकवली, कलिंगड कापलं गेलं. लिफ्ट हलली तोवर पाद्रीबुवांनी लग्नाची तारीख दिली होती आणि वरच्या मजल्यावरची शिंपीण दारातच माप घ्यायला उभी होती. साबिनो म्हणतो, यातलं कलिंगड तेवढं खरं.

लग्न मात्र झालं, आणि लग्नासोबत फोनही आला. बारीतल्या प्रत्येक नवऱ्याप्रमाणे साबिनोनेही कामावरून निघताना घरी फोन करायचा असतो. पाणी गॅसवर उकळत असतं. लिंडा विचारते, "टाकू का?" तो म्हणतो, "टाक." तो दारात आणि पास्ता ताटात एकाच वेळी यायला हवा. दाताखाली जरा कणी लागली पाहिजे. त्यापुढे मिनिटभर जरी शिजला, तरी इथली माणसं ताटाकडे अशी बघतात, जणू त्यात कुणीतरी वारलंय.

साबिनो "टाक" म्हणायचा तेव्हा मनापासून म्हणायचा. पाना-पक्कड पेटीत गेलेली असायची, हात पुसलेले असायचे. पण तेवढ्यात कुणी म्हणायचं, "उस्ताद, कॉफी घेतल्याशिवाय कसे जाल?" कॉफी झाली की दुसरी कुणी म्हणायची, "आलाच आहात तर आमचं धुण्याचं मशीन बघा, नुसतं ओरडतंय." मग शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादे आजोबा लिफ्टमध्ये अडकायचे. तो घरी पोचायचा तेव्हा लिंडा दारात उभी असायची, हातात काटा, आणि काट्याच्या टोकाला लगदा.

"ये. जेवण तयार आहे. मघाशी तयार होतं, आता जास्तच तयार आहे."

एका गुरुवारी सकाळी तिने त्याला दारातच अडवलं. "आज एक दिवस, साबिनो. वेळेवर ये, माझ्यासमोर बस आणि नीट शिजलेला पास्ता खा. नाहीतर उद्यापासून मला भूक लागेल तेव्हा मी जेवणार."

"एकटी?"

"टीव्ही असतो की."

तो हसला, पण जिना उतरताना ते हसू ओसरलं. दारात उभी राहणारी लिंडा टोमणे मारायची खरी, पण दिवसभर ग्रीस आणि तक्रारी अंगावर घेतल्यावर त्या टोमण्यांसाठीच तर तो घरी यायचा.

त्या दिवशी त्याने एकही कॉफी घेतली नाही. एका बाईंनी विचारलं, "का, आमची कॉफी विषारी आहे का?" तो "हो" म्हणून पळाला. फोनसुद्धा त्याने गाडी स्वतःच्या गल्लीत वळल्यावरच केला.

"टाकू का?"

"टाक. गल्लीच्या तोंडाशी आहे."

हेही खरंच होतं. फक्त गाडी लावायला गल्लीत जागा नव्हती.

त्याने एक फेरी मारली. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत लिंडा झारा घेऊन उभी होती. "कच्चाय अजून, ये सावकाश," ती म्हणाली. दुसऱ्या फेरीला म्हणाली, "होत आला." समोरच्या बाल्कनीतून कोसिमोकाका ओरडले, "अरे, फुटपाथवर चढव."

"परवा चढवली तर उचलून नेली, काका."

"मग आजही नेतील. पण जेवण तर होईल."

तेवढ्यात एका पांढऱ्या गाडीचा मालक किल्ली वाजवत आला. साबिनो मान बाहेर काढून म्हणाला, "लिंडा, खाली ये, त्या जागेत उभी राहा."

"आणि ढवळणार कोण, तुझी आई?"

पांढऱ्या गाडीवाला गाडीत बसला, त्याने सिगारेट पेटवली आणि कुणालातरी फोन लावला. त्याला कुठेच जायचं नव्हतं. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून बिचारा गाडीत येऊन बोलत होता.

"झाला, साबिनो," वरून लिंडा म्हणाली. "आत्ता. या क्षणी."

पुढच्या फेरीला ती बाल्कनीत नव्हती.

शेवटी चर्चच्या मागे जागा मिळाली. साबिनो धावत, धापा टाकत वर आला. दार उघडंच होतं. दारात कुणी नव्हतं. लिंडा टेबलाशी बसली होती, तिचं ताट रिकामं होतं. त्याच्या ताटात शलगमाच्या पाल्यातल्या पास्त्याचे तुकडे एकमेकांना घट्ट बिलगून थिजले होते. साबिनो बसला आणि खाऊ लागला. भूक होती, शरम होती, काहीतरी गोड बोलायला हवं होतं.

"छान झालाय," तो म्हणाला.

लिंडाने मान वर केली. "काय म्हणालास?"

"छान झालाय म्हटलं."

"हा?"

"जरा मऊ आहे. पण मला तसा..." तो थांबला.

"तुला तसा आवडतो?"

"आवडतो असं नाही. चालतो."

"इतकी वर्षं मी घड्याळ बघत पातेल्याशी उभी राहिले. अख्ख्या जिन्याला सांगत आले की माझा साबिनो एक मिनिट जास्त शिजलेला पास्ता तोंडात घालत नाही."

"असं कशाला सांगितलंस?"

"मग काय सांगायचं होतं? चिकटलेला पण चालतो म्हणून?"

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने आपलं ताट उचललं, विसळलं आणि टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर त्याचं ताट दुसऱ्या ताटाखाली झाकलेलं असायचं. निघताना तो सवयीने फोन करायचा, ती "बरं" म्हणायची.

साबिनो आता निवृत्त झालाय आणि संध्याकाळभर घरीच असतो. लिंडा सातला जेवते. त्याला नऊ वाजल्याशिवाय भूक लागत नाही.