बिनआवाजाची चप्पल

मी गप्प बसणारी बाई नव्हे. नेसरीहून लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नळावर तीन बायकांशी माझं वाजलं, आणि चौथी सोडवायला मधे पडली तर तिच्याशीही. ती चौथी म्हणजे आमची शेजारीण काकी. आता तिच्याशिवाय माझं पान हलत नाही, ते सोडा. सांगायचं हे, की अशा बाईच्या तोंडून गेल्या वर्षी एकदा शब्द फुटला नाही, आणि त्याला कारण झाली एका हिरॉईनची चप्पल.

आमचं घर चपलांचं. सासरे, त्यांना मी मामा म्हणते, कातडं कापून तळ शिवतात. पट्ट्यांवरच्या वेण्या मी घालते. आणि आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, शाहूपुरीतलं दुकान सांभाळतात. गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि त्याच्या गावात आपले कोण पावणे आहेत ते शोधून काढायचं, एवढं काम ते मनापासून करतात.

मामांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय ती जपा. गेल्या वर्षापर्यंत त्यांना माणूस आला एवढं कळायचं, कोण आला ते पावलावरून ओळखायचे. कातडं हातानं चाचपून कापायचे, आणि तरीही रापी एक सूतभर इकडं तिकडं जायची नाही. पण त्यांनीच जाहीर केलं होतं, दिवाळी झाली की रापी खाली ठेवणार. मी म्हटलं, बरं. मालक म्हणाले, बघू. अशा गोष्टींवर घरात याहून जास्त बोलायची आमच्यात पद्धत नाही.

मामांचा चपलेबाबत एकच हट्ट, चप्पल बोलली पाहिजे. तळाच्या दोन थरांमधे बिया ठेवून वरून कातड्याच्या वादीनं शिवलं की चालताना कर्र कर्र वाजतं. माणूस येतोय हे दोन घरं आधी कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. न बोलणारी चप्पल घालून चोरानं फिरावं.

तर अशा आमच्या दुकानासमोर एक दिवस मुंबईची गाडी थांबली आणि तिच्यातून एक स्टायलिस्ट मुलगी उतरली. स्टायलिस्ट म्हणजे काय, हे मालकांनी मला नंतर समजावलं: हिरॉईननं काय घालायचं ते ती ठरवते, आणि हिरॉईन सांगते की मीच ठरवलं. त्यांच्या मॅडमना परदेशात कुठंसं रेड कार्पेटवरून चालायचं होतं, पायात कोल्हापुरी घालून. चप्पल मॅडम स्वतः डिझाईन करणार होत्या. आम्ही फक्त बनवायची.

रेड कार्पेट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आमच्या मंडपवाल्याचं लाल जाजम आलं. हल्ली बारशालासुद्धा अंथरतात. त्यावर आदल्या लग्नातल्या मठ्ठ्याचे डाग असतात आणि नवरी त्यावरून इतकी हळू येते की पहिली पंगत उठायची वेळ होते. स्टायलिस्ट म्हणाली, तसं नाही, हे वेगळं असतं. तिनं फोनवर दाखवलं. मला तरी फरक एवढाच दिसला की तिथं कुणी जेवायला थांबलेलं नव्हतं.

मग सुरू झालं डिझाईन. फोनवर एक चप्पल गरागरा फिरायची, बोट लावलं की रंग बदलायचा, पट्टा बदलायचा, टाच वर यायची. पहिल्या डिझाईनला कान नव्हते. कान म्हणजे बाजूची दोन पानं, ज्यांत पट्टा अडकतो. मामा म्हणाले, कान काढल्यावर पट्टा काय देवाच्या भरवशावर राहणार का? दुसऱ्यात टाच चार बोटं उंच. तिसऱ्यात पट्टा काचेसारखा, आरपार दिसणारा. तो बघून मला वाटलं, मी वेण्या घालायच्या त्या कशावर, हवेवर? सोबत मेसेज यायचे. एकदा आलं, चप्पल जुनी दिसली पाहिजे, पण नवी वाटली पाहिजे. एकदा आलं, रस्टिक हवी, पण गावठी नको. या दोहोंत फरक काय यावर आम्ही दोन दिवस डोकं लावलं. शेवटी काकी म्हणाली, आपण घातली तर गावठी, त्यांनी घातली तर ते दुसरं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

महिनाभरानं मॅडमचं अंतिम डिझाईन आलं. मालकांनी फोन माझ्यापुढं धरला आणि मी हसत सुटले. दुकानात दाराजवळच्या खुंटीवर जी चप्पल वर्षानुवर्षं लटकतीय तीच, कान, वेणी, सगळं जागच्या जागी; फक्त गोंडा लालचा निळा झालेला. एवढ्यासाठी महिना. खाली लिहिलेलं, हे डिझाईन मॅडमच्या मालकीचं आहे, कुणाला दाखवू नये. मालकांनी इमानदारीत खुंटीवरच्या चपलेवर टॉवेल टाकला.

मापाचं वेगळंच. स्टायलिस्टनं नुसता नंबर कळवला. मामांनी ऐकलं नाही. कागदावर पाय ठेवून, दोन्ही पायांवर उभं राहून, पेन्सिलीनं कड काढायची, तीच खरी, असं त्यांनी कळवायला लावलं. कुरिअरनं दोन कागद आले. मामांनी कडेवरून बोट फिरवलं, पेन्सिल दाबून ओढलेली होती म्हणून त्यांना कळत होतं. म्हणाले, ही बसून काढलीय, पाय पसरलाच नाही. परत पाठवा. मालकांना घाम फुटला, एवढ्या मोठ्या बाईला परत उभं राहायला कसं सांगायचं? पण सांगितलं, आणि आठ दिवसांनी दुसरी कड आली, ती पहिलीपेक्षा चांगली बोटभर रुंद. मामा खूश झाले. पोरगीचा पाय चांगला हाय, म्हणाले, भुईला लागू देत न्हाईत एवढंच.

आणि मग अट आली. चप्पल वाजता कामा नये. तिथं माईक लावलेले असतात, मॅडम बोलत असताना आवाज आला तर सगळं वाया. आवाज येणारी चप्पल परत पाठवण्यात येईल. मालकांनी ते मोठ्यानं वाचलं. मी मामांकडं बघितलं. त्यांनी एवढंच विचारलं, बाई चालणार हाय न्हवं तिथनं? मालक म्हणाले, हो. मामांनी मान हलवली आणि कातडं भिजत घातलं.

इकडं मालकांना दम निघेना. चप्पल तयार व्हायच्या आत दुकानावर फ्लेक्स लागला. ‘आमची चप्पल निघाली रेड कार्पेटवर’. त्यावर मालक हात जोडून, गल्लीतल्या मंडळाची अकरा पोरं गॉगल लावून, आणि खाली कोपऱ्यात चिमणीएवढी चप्पल. मामांचा फोटो नव्हता. मी भांडले तेव्हा म्हणाले, जागा उरली नाही. मंडळाच्या खजिनदाराच्या मेव्हण्याला मात्र जागा होती.

तळ शिवून झाले तसे ते मामांनी माझ्याकडं दिले. मी तेल लावायला घेतले आणि टाचेखाली अंगठा दाबला, तर आत बारीक उंचवटे. दुसऱ्यात बघितलं, तिथंही. मी तशीच उठून मामांसमोर जाऊन उभी राहिले आणि तोंड सोडलं. अट काय होती, ऑर्डर परत आली तर काय, फ्लेक्स लागलाय, गल्लीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, तुमचं वय काय आणि हे पोरखेळ काय, सगळं. मामांनी मला दमेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाले,

“माझ्या हातची शेवटची हाय ती. टीव्हीत मला दिसायची न्हाय. ऐकू तर येईल की.”

काकी दारात होती, ती मामांना म्हणाली, पण आबा, जाजमावर कुठला आवाज येतोय? मामा म्हणाले, आवाज भुईचा नसतो, आतल्या बियांचा असतो, आणि नवी चप्पल लगेच बोलत नाही, थोडं चाललं की तळ मोकळा होतो, मग बोलते. तोवर त्यांचं तपासून झालेलं असेल. म्हणजे म्हाताऱ्यानं सगळा हिशेब आधीच केला होता. मी म्हटलं, ठीक आहे, राहू द्या.

असं म्हटलं खरं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टायलिस्टचा फोन आला, नो साउंड ना? प्लीज, नो साउंड, माझी नोकरी जाईल. मालक दुकानात, मामा आत झोपलेले, कुरिअरवाला यायचा होता. मी आरी घेतली, डाव्या चपलेची टाचेकडची वादी उसवली, बिया काढून पदराला बांधल्या आणि टाके होते तिथूनच परत ओढून घेतले. कुणाला कळणार नाही इतकं साफ. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

मग उजवी घेतली. कुरिअरवाला आला म्हणून ती राहिली, असं मी काकीला सांगते. तसं काही नाही. तो आला तेव्हा मी चांगली पंधरा मिनिटं उजवी चप्पल मांडीवर घेऊन नुसती बसले होते. आतून मामांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी दोन्ही चपला डब्यात घातल्या आणि दिल्या त्याच्याकडं.

ऑर्डर परत आली नाही. तपासताना मॅडमनी चपला खुर्चीवर बसून घातल्या, फोटो काढले, आणि पसंत आहेत म्हणाल्या. चालल्या नाहीत. मामा बरोबर होते, ती माणसं गाडीतून खुर्चीवर आणि खुर्चीवरून गाडीत.

व्हिडिओ आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मालकांनी फोन टीव्हीला जोडला. अर्धी गल्ली आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, उरलेली खिडकीत. मामांना टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची दिली. मॅडम आल्या, आणि काय सांगू, अंगात तो झगा, पुढून जमिनीला टेकलेला, मागून आठ हात लोळणारा, त्याला उचलायला दोन माणसं. पाय कुठं आहेत तेच कळेना. काकी म्हणाली, हिला पाय हायत का न्हाईत? मालकांचा चेहरा पडला. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, हे झगा शिवणाऱ्याला आधी विचारायला पाहिजे होतं.

तेवढ्यात माईक घेतलेल्या बाईनं विचारलं, पायात काय? मॅडमनी झगा चार बोटं उचलला. निळा गोंडा दिसला, माझ्या वेणीचं एक टोक दिसलं. सोप्यात टाळ्या पडल्या. आणि मॅडम हसून म्हणाल्या, ही मी स्वतः डिझाईन केलीय, प्रत्येक धागा माझ्या मनातून आलाय. कोल्हापूर हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. मी टीव्हीकडं बघून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकीनं त्यात भर घातली. मामांनी हात वर केला. म्हणाले, गप बसा जरा, बाई चालायला लागली काय?

लागली होती. माईक तिथंच जवळ होता.

कर्र.

मग काही नाही. मग परत, कर्र.

सोप्यात असा कालवा उठला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. मालकांनी मामांचे पाय धरले. मंडळाची पोरं शिट्ट्या मारत होती, काकी रडत होती. मालकांनी व्हिडिओ मागं नेऊन पुन्हा लावला, पुन्हा कालवा. तिसऱ्यांदा लावला. मामा मात्र हसत नव्हते. मान कलती करून ऐकत होते, आणि त्यांचं एक बोट खुर्चीच्या हातावर पडत होतं, एक आवाज, एक रिकामं, एक आवाज, एक रिकामं. मग त्यांनी माझ्या दिशेनं हात केला. मी जवळ जाऊन वाकले. हळू म्हणाले, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही,

“उजवी बोलतीया. डावी का गप हाय, पोरी?”

पदराच्या टोकाला गाठ होती. इतक्या दिवसांत मी ती सोडली नव्हती, साडी धुतली तरी तशीच. माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. लाज वाटली, आणि रडू आलं ते वेगळंच. मामांनी परत विचारलं नाही. मालकांना म्हणाले, अजून एकदा लाव. मालकांनी चौथ्यांदा व्हिडिओ लावला, आणि उजवी वाजून गेल्यावर मामा डाव्या पावलासाठी कान देऊन थांबले.