सगळ्या मजल्याचा कान

कानमावशीला कुणी पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं असेल तर त्याने हात वर करावा. परळच्या आमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर तरी असा साक्षीदार मिळणार नाही. ती चहा उभ्याने प्यायची, भाजी येरझाऱ्या घालत निवडायची, आणि बोलता बोलता समोरचीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची. "थांब गो, बघू दे," एवढंच म्हणायची. काय बघायचंय हे विचारेपर्यंत तिची पेन्सिल आपल्या भुवईवरून फिरून गेलेली असे.

तिचं खरं नाव सुलोचना. मालवणकडची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दादरच्या एका कटलरीच्या दुकानात ती काउंटरवर होती. टिकल्या, क्लिपा, पावडरी, लिपस्टिक आणि केसांचे रंग विकणारं ते दुकान. सील तुटलेला, झाकण हरवलेला, गिऱ्हाइकांनी बोटं घालून बघितलेला माल मालक तिला घरी नेऊ द्यायचा. त्यामुळे संध्याकाळी ती जिना चढून यायची तेव्हा डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लिपस्टिकच्या रेघा ओढलेल्या असत. भाकऱ्या थापतानाही त्या तशाच. धुऊन का टाकत नाहीस म्हटलं तर म्हणायची, "रात्रीपर्यंत रंग बदलतो. सकाळचा लाल संध्याकाळी विटकरी झाला तर उद्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

लावून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा एकमेव सिद्धांत. आणि बघायचं ते गॅलरीतल्या उन्हात. "ट्यूब खोटं बोलते," असं ती ठामपणे सांगे. ट्यूबखाली कुणी पावडर लावून निघाली की ती त्या बाईला जिन्यावरून परत बोलावून गॅलरीच्या कठड्याशी उभी करायची. गोरं दिसायच्या क्रीमवर तर तिचा विशेष राग. लग्नाला निघालेल्या एका शेजारणीचं तोंड तिने स्वतःच्या पदराने पुसून काढलं होतं. "आपल्या रंगावर हे पांढरं फासलंस की माणूस तापातून उठल्यासारखं दिसतं. मान कुठली आणि तोंड कुठलं, दोन बायका वाटतायत!" शेजारीण चिडली, पण पुन्हा तयार होऊन गेली ती मावशीने काढून दिलेला रंग लावूनच.

कानमावशी हे नाव मात्र केसांच्या रंगामुळे पडलं. आमच्या मजल्यावर रंगाचं एक पाकीट दोघींत फोडायची पद्धत होती. एवढं मोठं पाकीट एकीच्या डोक्याला लागतच नाही आणि कालवलेला रंग ठेवता येत नाही, म्हणून जोड्या ठरलेल्या. मावशीची जोडी माझ्या आईशी. रविवारी दुपारी जेवणं उरकली की दोघी जुने गाऊन चढवून, खाली वर्तमानपत्र पसरून बसायच्या. म्हणजे आई बसायची आणि मावशी तिच्याभोवती फिरायची. कपाळाच्या कडेने व्हॅसलीन, कानशिलावर जुना टूथब्रश, डोक्यावर दुधाची धुतलेली पिशवी. मग पाऊण तास मावशी आईला गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायची, कारण बसून राहिलं तर रंग चढत नाही, हा तिचा आणखी एक शोध. डोक्याला पिशव्या बांधलेल्या त्या दोघी हातात हात घालून येरझाऱ्या घालत, आणि कशाला तरी इतक्या हसत की खालच्या मजल्यावरून ओरडा येई. आई घरात एवढी हसत नसे. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की, रंग लावण्याआधी तो कानामागे थोडा लावा, दोन दिवस थांबा, खाज किंवा लाली आली नाही तरच वापरा. आमच्या मजल्याने ही सूचना अगदी काटेकोर पाळली. शुक्रवारी संध्याकाळी मावशी नवा रंग कानामागे लावायची आणि रविवारी सकाळी पाण्याच्या वेळेला नळावर निकाल जाहीर करायची. "मावशी, पास काय?" बायका विचारायच्या. मावशी केस बाजूला करून मान वाकवायची. "पास!" म्हणाली की त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची सहा डोकी रंगायची. सहा डोक्यांना कान एकच. परीक्षा रंगाची नसते, ज्याच्या-त्याच्या कातडीची असते, हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही हे केवळ नशीब. आम्हाला मात्र तो मावशीच्या कानाचा गुण वाटायचा, आणि तिलाही तसंच वाटायचं.

आता माझ्याकडे येते. मी बावीस वर्षांची होते. एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनच्या जागेसाठी सोमवारी मुलाखत होती आणि मला केसांना तांबूस रंग हवा होता. तिथे दिसणाऱ्या सगळ्या मुलींचे केस तसेच असतात अशी माझी पक्की समजूत. मावशीच्या मी आठवडाभर मागे लागले होते. तिने शुक्रवारी रंग कानामागे लावला, रविवारी तो पास झाला. वाटीत रंग कालवता कालवता ती एकदम थांबली. तिचं थांबणं इतकं दुर्मीळ की मी दचकलेच.

"याआधी तुला कधी काय झालेलं? मेंदीने, कशाने?"

"नाही गं मावशी."

हे खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या सहलीत किनाऱ्यावरच्या एका बाईकडून मी मनगटावर काळी मेंदी काढून घेतली होती. तिचे टरटरून फोड आले, आणि तिथल्या डॉक्टरने बजावलं होतं की या मेंदीत केसांच्या रंगातलंच रसायन असतं, त्या रंगाला आयुष्यात हात लावू नकोस. आईने काळ्या मेंदीला आधीच बंदी घातलेली, म्हणून मी महिनाभर पूर्ण बाह्यांचे कुडते घालून हिंडले आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. मावशीने विचारलं तेव्हा ते सगळं मला आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. पण वाटी तयार होती, आणि ते हॉटेल मला हवं होतं.

संध्याकाळी टाळूला खाज सुटली. रात्री कपाळ जड झालं. सोमवारी पहाटे डोळे उघडायला गेले तर ते उघडेनात. आई आणि मावशीने मला दोन्हीकडून धरून खाली उतरवलं आणि टॅक्सीत घातलं. वाटेत मावशी एकसारखी माझे तळहात चोळत होती.

इस्पितळात डॉक्टरांनी दोघींना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, आधी असं कधी झालं होतं का. त्यांना मी खरं सांगितलं. "हे घरच्यांच्या कानावर घाल," ते म्हणाले. मी हो म्हटलं. इंजेक्शन देऊन मला बाहेर बाकावर आणून बसवलं तेव्हा आईचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमत होता.

"तुझे प्रयोग तुझ्या अंगावर कर ना! माझ्या पोरीचे डोळे गेले असते तर? काय केलं असतंस, तुझा कान दिला असतास?"

मावशी घाबरली की तिची मालवणी बाहेर यायची. "माझ्या कानाक तर काय्येक झाला नाय गो," ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती. "काय्येक झाला नाय."

माझे डोळे मिटलेले होते, तोंड नाही. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. डोळे उघडले की सांगू, असं ठरवलं. चार दिवसांनी डोळे उघडले आणि मी गप्पच राहिले. मुलाखत गेली, त्याचं दुःख करण्यात माझे दिवस गेले, आणि त्या दुःखाच्या आडोशाला बसणं फार सोयीचं होतं.

आईने मावशीशी बोलणं टाकलं. समोरासमोरची दोन दारं. एक उघडलं की दुसरं लोटलं जाई. मजल्यावरच्या बाकीच्या बायकांनी भांडण केलं नाही, पण शुक्रवारी कुणी मावशीला पाकीट आणून देईना. नळावर कुणी "पास काय?" विचारीना. मावशी तशीच येरझाऱ्या घालायची, हातावर रेघा तशाच, पण कुणाची हनुवटी धरायला हात पुढे करायची आणि मधूनच मागे घ्यायची. ते बघवत नसे. मी तेव्हा आत जायचे.

त्याच वर्षी चाळ पाडायची म्हणून रिकामी झाली. आम्ही लालबागला भाड्याच्या खोलीत गेलो, मावशी माहीमला बहिणीकडे. निघताना ती आमच्या दारात आली होती. आई आत भांडी बांधत होती. ती बाहेर आली नाही. "तोंडाला काय लावू नकोस हां तू आता," मावशी मला म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

पुढे नऊ वर्षांनी आई गेली. आजार तीन आठवड्यांचा. त्या तीन आठवड्यांत रोज तिच्या उशाशी बसून मी ते एक वाक्य जुळवत होते, आणि रोज तिला बरं वाटल्यावर सांगू म्हणत होते. अंत्ययात्रेला मावशी आली होती. रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. मी बघितलं तशी गर्दीत मिसळली.

त्यालाही तीन वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी मी माहीमला गेले. पत्ता माझ्याकडे होताच, तो काही हरवला नव्हता. मावशीने दार उघडलं. केस कापसासारखे झालेले, ओठांना मात्र गडद लिपस्टिक. "ये गो," म्हणाली, आणि चहा, पाणी, पंखा, खुर्ची असं तिचं सुरू झालं. मी म्हटलं, मावशी, बस जरा. ती अर्थातच बसली नाही. मग ती कपाट आवरत असताना तिच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. काळी मेंदी, फोड, डॉक्टर, तिचा प्रश्न आणि माझं उत्तर. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. दोन्हीची तयारी करून गेले होते.

ती वळली. "आईला सांगितलंस हे?"

"नाही."

"जाईपर्यंत नाही?"

"नाही, मावशी."

तिने हात मागे नेऊन कपाटाचं दार धरलं. मग तिने विचारलं, "मग तिचे केस कोण रंगवायचं?"

"कुणी नाही. त्या दिवसानंतर तिने रंगवलेच नाहीत. मी पार्लरला चल म्हणायचे, तर म्हणायची, परक्या बाईच्या हातात मी डोकं देणार नाही."

"परक्या बाईच्या," मावशी म्हणाली. कपाटाचं दार तिने धरलं होतं, ते हळूच लावलं. "मला वाटायचं, तिला दुसरी कोणतरी मिळाली असेल. नऊ वर्षं मला तेच वाटायचं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"तू आता जा," ती म्हणाली. "पुन्हा ये. पण आज जा."

मी निघाले. नंतर तीनदा माहीमपर्यंत गेले, तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि परतले. वर अजून गेलेले नाही.