कुंभकोणमचं मशीन आणि तुळजाचं लग्न

मद्रासहून मीटरगेजच्या गाडीनं सकाळी सकाळी कुंभकोणमला उतरले. तुळजा स्टेशनवर घ्यायला आली होती, पण हसली नाही. मला वाटलं, गाडी उशिरा आली म्हणून वैतागली असेल. मी आपली बडबडतेय, बॅगेतल्या फ्लॉपी दाखवतेय!

आमची ओळख मद्रासच्या कॉम्प्युटर कोर्समधली. तिथे आम्ही 'एक्स्पर्ट सिस्टीम' शिकलो. म्हणजे एखाद्या जाणकाराला विचारून विचारून त्याचं ज्ञान जर-तरच्या नियमांत बसवायचं, की मशीन त्याच्यासारखाच निर्णय देतं. कृत्रिम बुद्धी! सर म्हणायचे, पुढचा जमाना तुम्हा पोरांचा. मी पुण्याला असलाच क्लास काढणार होते आणि तुळजाचं चालू मशीन बघायला मुद्दाम आले होते.

तिच्या घरी सगळे मराठी बोलतात. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आलेली ही घरं. दाराबाहेर तमिळ, आत आपली भाषा, पण कधीची! "कापी होणा?" (कॉफी हवी का?) तिच्या आईनं विचारलं आणि पितळी वाटी-पेल्यात फेसाळ कॉफी आली. मग इडली आणि कडप्पा (मूगडाळ-बटाट्याचा पातळ रस्सा). मी तीनदा मागून घेतला. तुळजानं इडलीचा तुकडाही मोडला नाही.

"काय झालं गं?"

"आधी मशीन बघ," ती म्हणाली.

मशीन बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. खालून ठोक्यांचा आवाज, वर हिरव्या अक्षरांचा पडदा. बाहेर पाटी: कंप्यूटर जोसियम (जोतिष). तुळजाचे थोरले काका, अप्पा, गावातले जुने जोशी. त्यांना विचारून तिनं आणि क्लासमधल्या भास्करनं पत्रिका जुळवायचे नियम मशीनमध्ये घातले होते. मुलामुलीच्या जन्मवेळा टाकायच्या, पोरुत्तम (जुळणी) छापून बाहेर! जिन्यावर माणसं बसलेली. मी तर टाळ्याच वाजवल्या.

"भास्कर कुठाय?"

तुळजा कीबोर्डवरची धूळ पुसत राहिली. मग सांगितलं. दोघांचं जमलं होतं. तोही मराठीच, तिरुप्पनंदाळचा. घरचे कबूल. फक्त त्याच्या आईनं म्हटलं, तुमचंच मशीन आहे, एकदा दोघांच्या पत्रिका घालून बघा. सगळ्यांसमोर घातलं. प्रिंटर करकरला. रज्जू (नक्षत्रांची एक जुळणी) जुळत नाही, विवाह करू नये. रज्जू जुळली नाही तर नवऱ्याच्या जिवाला धोका, असं इकडे मानतात. त्याच्या आईनं कागद पदरात घेतला आणि मुलाला घेऊन गेली. येत्या शुक्रवारी दुसरीकडे मुलगी बघणार होते.

"मग एक ओळ बदल ना!" मी ओरडलेच. "प्रोग्राम तुझा आहे!"

"बदलते. माझं जुळेल. आणि आजवर ह्या जिन्यावरून 'नाही' घेऊन उतरले त्यांचं?"

मी म्हटलं, चल, अप्पांनाच विचारू.

दुपारी अप्पांकडे गेलो. ते पडवीत पान लावत बसलेले. इथलं विड्याचं पान पातळ, कोवळं. मलाही एक दिलं. मी विचारलं, "अप्पा, नियम चुकला का हो?"

"नेम बराबर आहे. मीच सांगट्लों (मीच सांगितला)."

"मग तुमच्याकडे अशी पत्रिका आली असती तर?"

त्यांनी चुना बोटावर घेतला. "मी 'नाही' म्हणालोच नसतो. म्हणालो असतो, तिरुनीलक्कुडीला जा, देवाला तेल घाला, महिन्यानं या. महिन्यात कळतं. ज्यांना मोडायचं ते येत नाहीत. ज्यांना करायचं ते पुन्हा येतात. मग मी पुन्हा बघतो, आणि काहीतरी सापडतं."

"हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?" तुळजाचा आवाज चिरकला.

"तू नेम विचारलास, पोरी. हा नेम नव्हे. हे तोंड बघून सांगायचं."

"मग आता भास्करच्या आईला सांगा ना!"

"गेलो होतो. म्हणाली, पुतणीसाठी बोलताय. मशीनला पुतणी नाही."

संध्याकाळी कावेरीवर गेलो. पात्रात नुसती वाळू. पोरं तिच्यात क्रिकेट खेळत होती. तुळजा घाटाच्या पायरीवर बसली, मी तिच्या शेजारी.

शुक्रवार आला. माझी गाडी संध्याकाळी होती, म्हणून सकाळी माडीवरच बसले. इन्नंबूरचे एक गृहस्थ आले, मुलीची पत्रिका घेऊन. हातातल्या पिशवीत हार, नारळ. इथून थेट मुलाकडेच जाणार होते. प्रिंटर करकरला. कागदावर काय आलं ते मला तमिळ न वाचताही तुळजाच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

तिनं कागद लगेच प्रिंटरमधून फाडून दिला नाही. त्यांच्याकडे नीट बघितलं, मग हळू आवाजात तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. 'तिरुनीलक्कुडी' एवढं मला समजलं. ते गृहस्थ ऐकत राहिले, मग कसनुसे हसले, कागदावर बोट ठेवून दोन वाक्यं बोलले आणि पिशवी उचलून उतरून गेले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, महिन्यानं यायला हा काय जोशी आहे? कंप्यूटरचं उत्तर महिन्यानं बदलतं होय अम्मा?"

जिन्यावरचा पुढचा माणूस आत आला. तुळजानं जन्मवेळ विचारली आणि टाइप करायला लागली.

पुण्याला पोचले. क्लासची पाटी रंगवून तयार आहे, सोळा मुलामुलींनी नावं दिलीत. सगळे मला विचारतात, "ताई, मशीन खरंच माणसासारखा निर्णय देतं?" देतं रे. पण पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. जर-तर मला पाठ आहे. महिन्यानं या, हे मशीनमध्ये कुठे घालायचं तेवढं मला येत नाही, आणि घातलं तरी ऐकणार कोण?